साच्यातलं घर: रशियन पॅनेलच्या इमारती, खेळातली शहरं आणि आपली घरकुलं

(डहाणू इथं झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला काही भाग दिला आहे.)



विषय वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. डहाणूत बसून रशियातल्या इमारतींवर बोलायचं, आणि त्याही कुठल्या, तर कॉम्प्युटरच्या खेळातल्या! संयोजकांनी मला फोनवर विचारलंच होतं, "सर, लोकांना कळेल ना?" मी म्हटलं, लोकांना सगळं कळतं, मला नीट सांगता आलं पाहिजे एवढंच.

सुरुवात घरातूनच करतो. गेल्या दिवाळीत मी तलासरीला बहिणीकडे गेलो होतो. भाचा बारावीत आहे. तो कॉम्प्युटरवर शहर बांधत बसला होता. 'सिटीज: स्कायलाइन्स' नावाचा खेळ आहे, फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या कंपनीनं २०१५ साली काढलेला. रस्ते टाकायचे, पाणी-वीज आणायची, वस्ती बसवायची, कर गोळा करायचा. मी बघितलं तर याच्या शहरात एकाशेजारी एक करड्या, पाच मजली, पेटीसारख्या इमारती. भिंतींवर पावसाचे ओघळ, गॅलऱ्या काचा लावून बंद केलेल्या, कुठं रंग उडालेला. मी विचारलं, "हे कुठलं रे?" तर म्हणाला, "मामा, ही ख्रुश्चोव्का. रशियातली. कुणीतरी बनवून ठेवलीय, मी फुकटात उतरवून घेतली." मग मी विचारलं, "आणि आपल्याकडची घरं आहेत का यात?" तो म्हणाला, "नाहीत. मला तरी सापडली नाहीत."

आजचं व्याख्यान या दोन उत्तरांमधल्या अंतरावर आहे.

आता 'खेळाची समीक्षा कसली करायची' असं कुणी म्हणेल. पण बघा, नाटकाचा सेट बघून आपण म्हणतो ना, की वाडा हुबेहूब उभा केलाय पण त्यात कुणी राहत असेल असं वाटत नाही? तीच समीक्षा इथं करायची आहे. एका घराची नक्कल केली, तर त्या घरातलं काय आलं आणि काय राहून गेलं? आणि जे राहून जातं, ते फक्त खेळातच राहून जातं का? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी मूळ इमारतीबद्दल थोडं सांगतो. इथं चिंचणी-वरोर भागातले डायमेकर मंडळी बसली असतील, त्यांना हे सगळ्यात लवकर समजेल. दागिन्याचा डाय एकदा कोरला की त्यातून हजार नग पडतात. सगळी अक्कल, सगळे कष्ट डायमध्ये असतात, नगात नसतात. सोव्हिएत पॅनेलची इमारत म्हणजे घराचा डाय आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं घरांची भयंकर टंचाई होती. शहरात एका खोलीत एक कुटुंब, आणि सात-आठ कुटुंबांत मिळून एक स्वयंपाकघर, एक संडास. आपल्या चाळीत निदान चूल तरी ज्याच्या त्याच्या खोलीत असायची. डिसेंबर १९५४ मध्ये ख्रुश्चेव्हनं बांधकाम करणाऱ्यांच्या परिषदेत भाषण केलं आणि खांब, कमानी, नक्षी यांवर पैसा उधळणाऱ्या वास्तुशिल्पींना झोडून काढलं. १९५५ साली इमारतींमधला 'अतिरेक' काढून टाकण्याचा ठराव आला. १९५७ च्या ठरावात दहा-बारा वर्षांत घरटंचाई संपवायची असं लक्ष्य ठेवलं गेलं.

हे कशाच्या जोरावर? तर कारखान्याच्या. भिंत आडवी ओतायची, खिडकीसकट. पक्की झाली की ट्रकवर चढवायची, जागेवर क्रेननं उभी करायची आणि शेजारच्या भिंतीला जोडायची. विताली लागुतेन्को या अभियंत्याची 'के-७' ही मालिका यातली प्रसिद्ध. मॉस्कोच्या नोव्हीये चेर्योमुश्की भागात आधी प्रयोगाची वसाहत झाली आणि मग देशभर त्या धर्तीवर इमारती उठल्या. मजले पाचच का? तर लिफ्ट द्यावी लागू नये म्हणून. स्वयंपाकघर जेमतेम पाच-सहा चौरस मीटर. छताची उंची अडीच मीटरच्या आसपास. पण दार स्वतःचं, चूल स्वतःची, संडास स्वतःचा. त्या पिढीला हे स्वर्गासारखं वाटलं, आणि त्यांच्या मुलांना खुराड्यासारखं. दोघंही खरं बोलत होते.

एक गंमत सांगतो. 'आयर्नी ऑफ फेट' नावाचा एल्दार रियाझानोव्हचा सिनेमा आहे. १ जानेवारी १९७६ ला तिथल्या टीव्हीवर पहिल्यांदा लागला. मॉस्कोचा एक डॉक्टर नववर्षाच्या आदल्या रात्री पिऊन तर्र होतो, मित्र त्याला चुकून लेनिनग्राडच्या विमानात बसवतात. तो उतरतो, टॅक्सीवाल्याला आपला पत्ता सांगतो. त्या शहरातही त्याच नावाचा रस्ता, त्याच नंबरची तशीच इमारत. वर जातो, तर किल्लीसुद्धा लागते! (हशा) लोक अजून दरवर्षी हा सिनेमा बघतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, किल्ली लागली तरी ते आपलं घर नसतं.

आता खेळाकडे येऊ. भाच्यानं उतरवून घेतलेली ती इमारत मी जवळ नेऊन नेऊन बघितली. ज्यानं बनवली त्याला दाद द्यायलाच हवी. पॅनेल जिथं जोडतात तिथली काळी रेघ त्यानं अचूक घेतली आहे. बंद केलेल्या गॅलऱ्या एकसारख्या नाहीत. एकाची काच निळसर, एकाची लाकडी चौकट, एकानं नुसता पत्रा मारलाय. गंजाचे ओघळ बरोबर सळईच्या खालून येतात. खेळात हजारो इमारती एका वेळी दिसायच्या असतात, म्हणून प्रत्येक इमारत हलकी ठेवावी लागते. बहुतेक गोष्टी घडवायच्या नसतात, चित्र म्हणून पृष्ठभागावर चिकटवायच्या असतात. एवढ्या बंधनात हे काम झालंय. फोटो समोर ठेवून, तासन्‌तास बसून, पैसे न घेता. हे प्रेमाशिवाय होत नाही.

मग माझी तक्रार काय आहे? माझ्या तीन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार जमिनीबद्दल. या खेळात रस्ता टाकला की त्याच्या दोन्ही कडांना चौकटी पडतात, एक चौकट आठ मीटरची. आपोआप उगवणारी इमारत जास्तीत जास्त चार चौकटी रुंद आणि चार खोल, म्हणजे बत्तीस मीटर बाय बत्तीस मीटर. रस्त्याला लागून प्लॉट, प्लॉटवर घर, ही अमेरिकन गावाची कल्पना आहे. पॅनेलची इमारत या प्लॉटवर कधी नव्हतीच. ती लांबलचक, रस्त्याकडे पाठ करून, झाडांमध्ये उभी असायची. मध्ये शाळा, पाळणाघर, दुकान आणि चालायच्या वाटा. त्या वस्तीला ते 'मिक्रोरायोन' म्हणत. जमीन कुणा एकाची नव्हती, म्हणूनच इमारत तशी उभी राहू शकली. खेळात ती बसवायची तर जादा मॉड लावून हातानं ठेवावी लागते आणि तरीही कुठल्या तरी रस्त्याला चिकटवावी लागते. म्हणजे इमारत आली, पण ती ज्या जमिनीच्या व्यवहारातून जन्मली तो व्यवहार आला नाही.

दुसरी तक्रार मागणीबद्दल. खेळात खाली हिरवी पट्टी असते. ती वर गेली म्हणजे लोकांना घरं हवीत. तुम्ही जागा राखून ठेवली की घर उगवतं, आणि जमिनीचा भाव वाढला की आपोआप वरच्या दर्जाचं होतं. खरी पॅनेलची इमारत पट्टी बघून उगवली नाही. लोक यादीत नाव घालून वर्षानुवर्षं थांबले. घरकुलाच्या यादीत नाव कधी येतंय म्हणून ग्रामपंचायतीत खेटे घालणाऱ्या माणसाला 'यादी' म्हणजे काय हे मी समजावून सांगायची गरज नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. ती काळाबद्दल आहे. ती बंद केलेली गॅलरी बघा. खऱ्या इमारतीत ती कुणीतरी बंद केली. कुटुंब वाढलं, थंडी आत यायची, बटाट्याची पोती ठेवायला जागा नव्हती, म्हणून कुणीतरी एका रविवारी काच मिळवली आणि लावली. शेजाऱ्यानं ते पाहून पुढच्या वर्षी लावली. खेळातली इमारत जन्मतःच चाळीस वर्षांची असते. तुम्ही बटण दाबता आणि ओघळांसकट, पत्र्यांसकट ती उभी राहते. माणसांनी घरात केलेले बदल तिथं भिंतीवरचा डाग होऊन येतात. पुढे शंभर वर्षं खेळलात तरी एक गॅलरी नव्यानं बंद होणार नाही.

आता कुणी म्हणेल, सगळे खेळ असेच. तर तसं नाही. स्लोव्हाकियातल्या थ्री-डिव्हिजन या छोट्या कंपनीचा 'वर्कर्स अँड रिसोर्सेस: सोव्हिएत रिपब्लिक' नावाचा खेळ आहे. २०१९ पासून तो अर्धवट रूपात मिळत होता, २०२४ मध्ये पुरा झाला. यात पॅनेल ही वस्तू आहे, माल आहे. इमारत हवी तर आधी पॅनेलचा कारखाना हवा. त्याला सिमेंट, खडी हवी. खडीसाठी खाण हवी. मग ट्रक, क्रेन, आणि साइटवर मजुरांना सोडणारी बस. एक रस्ता चुकला तर इमारत अर्धवट उभी. ती पुरी झाली तरी लोकांच्या चालण्याच्या अंतरात दुकान आणि पाळणाघर नसेल तर ते नाराज. हिवाळ्यात गरम पाणी पोचवणारं केंद्र बंद पडलं तर लोक गारठतात.

या खेळातल्या इमारती दिसायला साध्या आहेत. भाच्याच्या त्या सुंदर इमारतीच्या शेजारी ठेवल्या तर फिक्या पडतील. पण पॅनेलच्या घराबद्दल हा खेळ जास्त खरं सांगतो. कारण तो तुमच्याकडून काहीतरी करवून घेतो. पहिली दहा घरं उभी करताना तुमचा घाम निघतो आणि मग लक्षात येतं, की एवढा खटाटोप एकदा केल्यावर माणूस नक्षी कशाला काढत बसेल! नक्कल किती जुळते, एवढ्यावर मी नकलेचा दर्जा ठरवत नाही. ती आपल्याला कशाची जबाबदारी घ्यायला लावते, हेही मी बघतो.

तरी एक गोष्ट दोन्ही खेळांत नाही. सांधा. पॅनेलच्या इमारतीत भिंत कारखान्यात होते, पण इमारत होते ती सांध्यात. १६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या बावीस मजली पॅनेलच्या इमारतीत अठराव्या मजल्यावर सकाळी गॅसचा स्फोट झाला. स्फोट तसा मोठा नव्हता. ज्या बाईच्या घरात झाला ती वाचली. पण कोपऱ्याची भिंत सांध्यातून निखळली आणि वरचे-खालचे मजले पत्त्यांसारखे कोसळत गेले. चार माणसं गेली. पॅनेल मजबूत होतं, जोड कच्चा होता.

आता याच्या उलट उदाहरण. ७ डिसेंबर १९८८ ला आर्मेनियात स्पिताकचा भूकंप झाला, पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मेली. लेनिनाकान शहरात, म्हणजे आजच्या ग्युमरीत, तयार खांब-तुळया जोडून बांधलेल्या नऊ मजली इमारती मोठ्या संख्येनं जमीनदोस्त झाल्या. आणि ज्यांना सगळे कुरूप म्हणत होते त्या मोठ्या पॅनेलच्या इमारती बहुतांशी टिकल्या, कारण त्यांत भिंतीच भार घेत होत्या आणि एकमेकींना धरून होत्या. दोन्ही प्रकार त्याच देशातले, दोन्ही कारखान्यातूनच आलेले. बाहेरून फोटो काढला असता तर कोणती पडेल हे कुणालाच सांगता आलं नसतं.

'स्कायलाइन्स'मध्ये भूकंपही येतो बरं का. त्याचं वेगळं जोडपॅकेट विकत मिळतं. जमीन हलते, भेग पडते, जवळच्या इमारती ढिगारा होतात. पण पॅनेलची, विटांची, लाकडाची असा भेद त्यात नाही. कारण खेळाला भिंतीचा रंग माहीत आहे, आतली सळई माहीत नाही.

आणि इथं आपण डहाणूत येऊन पोचतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत काय चाललं होतं हे इथल्या कुणालाच सांगायला नको. धुंदलवाडी, हळदपाडा, आसपासचे सगळे पाडे. एकदा मोठा धक्का बसला आणि संपलं, असं ते नव्हतं. महिनोन्‌महिने लहान-लहान धक्के, खालून गडगडाट, आणि मधूनच चारच्या आसपासचा एखादा. थंडीत लोक पोरंबाळं घेऊन अंगणात, तंबूत झोपले. वर्ग शाळेच्या बाहेर भरले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं इथं यंत्रं बसवली. त्या काळात प्रत्येक जण आपल्या घराच्या भिंतीकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागला होता. भेग किती लांब गेली, कोपऱ्यातून गेली की खिडकीखालून, यावर पारावर चर्चा व्हायची. मंडळी, सांध्याची समीक्षा आपण त्या हिवाळ्यात केली आहे.

आपलं जुनं घर आठवा. लाकडी मेढी, कारवीच्या काठ्यांचा कुड, वरून शेणामातीचा लेप, आणि डोक्यावर गवत नाहीतर कौलं. हा कुड हलका असतो. जमीन हलली की तो डोलतो, लेपाचे पोपडे पडतात, पण डोक्यावर दगड येत नाही. किल्लारीत नेमकं उलटं झालं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथं सुमारे आठ हजार माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद अंगावर आल्यानं. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. घराचे साचे तीन: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. कुणाला कुठलं, ते शेती किती यावरून ठरलं. आखीव रस्ते, रांगेनं घरं. वरून बघितलं तर भाच्याच्या शहरासारखं दिसावं. घरं मजबूत झाली हे खरंच आहे, आणि ते मोठं काम होतं. पण गुरं कुठं बांधायची, सरपण कुठं ठेवायचं, भाऊबंद शेजारी कसे राहतील, याला साच्यात जागा नव्हती. मग लोकांनी घरांपुढे पत्र्याची शेडं घातली.

म्हणजे सोव्हिएत गॅलरी आणि किल्लारीचं शेड एकच गोष्ट सांगतात. साचा आला की माणूस त्याला काहीतरी जोडतो. ते जोडकाम म्हणजेच घर. आणि तेच नेमकं नकाशात नसतं.

आता आपलं घरकुल. पंतप्रधान आवास योजना ग्रामीण, २०१६ पासूनची. किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, डोंगरी आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. पैसे हप्त्यानं येतात आणि प्रत्येक टप्प्याला फोटो लागतो. जोता झाला, फोटो. लिंटेल झाली, फोटो. छत पडलं, फोटो. फोटोवर जागेचा आणि वेळेचा शिक्का. यात चोरीला आळा बसतो, मधल्यामध्ये घर कागदावरच राहत नाही. मी त्याच्या विरोधात नाही. पण या फोटोची नजर कुठली आहे ते बघा. ती बाहेरून बघते. तिला घराची आकृती दिसते. लिंटेलच्या पट्ट्यात चारी बाजूंनी सलग सळई फिरवली का, कोपऱ्यात ती वाकवून बांधली का, हे काँक्रीट ओतल्यावर कुठल्याही फोटोत दिसत नाही. आणि भूकंपात घर वाचवणारी गोष्ट नेमकी तीच आहे. ती गवंड्याच्या हातात असते.

खेळ बनवणारा पोरगा आणि योजना राबवणारी यंत्रणा, दोघांचीही नजर एकाच जागी उभी आहे, वरून आणि बाहेरून. पोरगा निदान खेळतोय. म्हणून मी म्हणालो, जे राहून जातं ते फक्त खेळात राहत नाही.

इथंच एक विरोधाभास सांगतो. कारखान्यात ओतून जागेवर जोडायचं तंत्र डहाणूत आलेलं नाही असं नाही. बुलेट ट्रेनसाठी आलंय. २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यात साखरे इथं चाळीस मीटर लांबीचा, सुमारे ९७० टनांचा अखंड गर्डर यार्डात ओतून, उचलून खांबांवर ठेवला. त्या गर्डरच्या टोकाला तो कसा टेकतो, याचा हिशेब मिलिमीटरमध्ये ठेवतात, आणि ठेवायलाच हवा. माझं मागणं लहान आहे. त्या गर्डरच्या टेकणीला जेवढं लक्ष मिळतं, त्याचा शंभरावा हिस्सा खालच्या पाड्यातल्या घरकुलाच्या कोपऱ्याला मिळावा.

मग खेळात आपलं घर आणायचं तर कसं आणायचं? याचं उत्तर मला आपल्याच भिंतीवर सापडतं. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची किंवा कुठलीही चांगली वारली चित्रं आठवा. सगळं गाव एकदम दिसतं, वरून पाहिल्यासारखं, अगदी या खेळांसारखं. घराची आकृतीही ठरलेली, एक साचाच म्हणा. पण ते घर उघडं असतं. भिंत आहे आणि तरी आतलं दिसतं. कुणी कांडतंय, कुणी चुलीशी बसलंय, कणगी आहे, बाहेर कोंबड्या आहेत. वरून बघूनही चित्रकार बाहेरचा झालेला नाही. तीच आकृती आज हॉटेलांच्या भिंतींवर, पिशव्यांवर येते तेव्हा पुष्कळदा आतलं माणूस गळून जातं आणि नुसता त्रिकोण-चौकोन उरतो. म्हणजे ही चूक परदेशी खेळवाल्यांनीच केली असं नाही, आपणही करतो.

नकलेकडून माझी अपेक्षा एवढीच आहे, की जोड दिसू द्या. पॅनेलला पॅनेल कसं धरलंय ते, आणि साच्याला माणसानं काय जोडलंय ते. एवढं बोलून थांबतो.

(प्रश्नोत्तरांतून)

एक शिक्षिका: सर, म्हणजे कुडाचंच घर बरं होतं असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही हो, अजिबात नाही. कुडाचं घर भूकंपात बरं, पण ते दरवर्षी काम मागतं. कारवी आणायची कुठून? लिंपण करायचं कुणी? ते घरातल्या बाईनंच करायचं. पावसात ओल, वाळवी, आगीची भीती. पक्कं घर मागणारा माणूस काही चुकीचं मागत नाही. १९५८ साली स्वतःच्या दाराची किल्ली मागणारं मॉस्कोचं कुटुंबही चुकीचं मागत नव्हतं. मी एवढंच म्हणतो, की पक्कं म्हणजे आतून पक्कं. आणि पुढे पडवी काढायला जागा सोडा, कारण ती पडवी लोक काढणारच आहेत. मागे कुडाची चूलखोलीही उभी करणार आहेत. मी बघितलेल्या घरकुलांत स्वयंपाक पुष्कळदा मागच्या कुडातच चाललेला असतो आणि पक्क्या खोलीत भात, कपडे आणि टीव्ही.

एक विद्यार्थी: तुमच्या भाच्यानं मग आपलं घर बनवलं का? (हशा)

बनवतोय. घरकुल बनवलंय त्यानं, निळ्या दाराचं. मी म्हटलं, पडवी कुठाय? तर म्हणाला, मामा, खेळात इमारत नंतर वाढत नाही, एकदा ठेवली की ठेवली. मग त्यानं तीन इमारती केल्या. एक नुसतं घरकुल, एक पडवीसकट, आणि एक मागच्या कुडाच्या चूलखोलीसकट. काही वर्षं खेळून झाली की पहिली हातानं काढायची आणि त्याच जागी दुसरी ठेवायची. पाड्यातल्या प्रत्येक घराला असं करायचं म्हणजे कंटाळा येतो म्हणाला. मी म्हटलं, येऊ दे. खऱ्या पाड्यातही पडवी कुणीतरी एकेक करून, हातानंच बांधतं.